करंट बंद करून शिकवा

सर माईकसमोर वाकले. खांदे आवळून घेतले. डोक्यावर पदर ओढल्यासारखा हात फिरवला आणि बारीक किनऱ्या आवाजात बोलले, "सायब, माज्या पोराला शिकवा. पन करंट बंद करून शिकवा!"

हॉल हसून फुटला. खोपोली रोडवरचं हॉटेल, टायवाली माणसं. कुणी टेबलावर हात आपटतंय, कुणी डोळे पुसतंय.

सर जिची नक्कल करत होते ती बाई माझी आई. शेवटच्या रांगेत बसली होती. नवं पातळ नेसून. मीच आणलेली.

मी स्वतः आवाज काढणारा माणूस. पळसदरीच्या वरच्या वाडीतला. हेडमास्तर, कर्जत स्टँडचा कंडक्टर, मतं मागायला आलेला पुढारी, सगळे माझ्या गळ्यात राहतात. भाडं कुणीच देत नाय. म्हणून नकलेतलं मला कळतं. सरांची नक्कल वाईट होती. आई अशी वाकत नाय. तिचा आवाज बारीक पण नाय. जाडा हाय. एक हाक मारली की डोंगरावरची गुरं खाली येतात.

सर भिवपुरीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोफेसर होते. इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. भारी शिकवायचे, खोटं कशाला बोलू. पुढं नोकरी सोडून खालापूरला कंपनी काढली, सर्किट बोर्ड डिझाईन करायची. पहिला माणूस घेतला तो मी. सर गावोगाव भाषणं द्यायला जायचे, 'प्राध्यापक ते उद्योजक'. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बोर्ड काढत बसायचो. त्या भाषणांत माझी आई फिरते, हे मला ठाऊकच नव्हतं.

ती तसं का बोलली होती ते सांगतो.

माझा बाप धरणाजवळच्या एका बंगल्यावर माळी होता. बंगलेवाले शनिवारी यायचे, बाकी दिवस बाप आणि लॉन. पंपाची वायर उघडी पडलेली. बाप चिकटला. मालक बोलला, "ओल्या हातानं धरलं, चूक त्याची." संपला विषय.

मला कॉलेजात ॲडमिशन मिळाली तेव्हा आई सोबत आली. लॅबच्या बाहेर चपला काढल्या आणि सरांना हात जोडून ते वाक्य बोलली. पोरं खुदखुदली. सर नाय हसले. त्यांनी तिला खुर्ची दिली. बोलले, "आई, इथे पाच व्होल्ट असतात. मुंगीलासुद्धा काही होत नाही." नंतर मी त्यांना बापाचं सांगितलं. तेव्हा सरांचे डोळे भरले होते. मी पाहिलेत.

त्यातूनच आमचा बोर्ड निघाला. पंपातून करंट गळायला लागला की हा लाईन तोडतो. माणूस चिकटायच्या आधी. त्या दिवशी हॉटेलात त्याचाच कार्यक्रम होता. म्हणून आईला बोललो, "चल गं, आपल्या बाबाचंच यंत्र हाय समज."

आणि तिथं हे.

आई आधी हसली. सगळे हसतायत म्हणून हसली. मग तिला कळलं कुणाला हसतायत. ते हसू तसंच तोंडावर राहिलं. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

सर बोलले, "आणि तो मुलगा आज इथेच आहे! ये रे, ये. हा नकला फार सुंदर करतो. आता ओरिजिनल ऐकूया. काढ आईचा आवाज!"

टाळ्या. मी काही बोलायच्या आधीच एकजण ओरडला, "वन्स मोअर!"

मी गेलो. टाळ्या वाजल्या की माझे पाय आपोआप चालतात. माईक घेतला.

"नाय काढणार," मी बोललो.

"अरे, लाजतोस काय? सगळी आपलीच माणसं आहेत."

"सर, ती तसं का बोलली ते सांगा ना. माझा बाप पंपाला चिकटून मेला, ते सांगा."

सरांनी माईकवर पंजा ठेवला. हसरं तोंड तसंच ठेवून माझ्या कानात बोलले, "ते घेतलं की गोष्ट जड होते रे. लोक हसत नाहीत."

बोर्डावरचा जादा पार्ट आमी काढून टाकतो. तसा माझा बाप काढला होता.

आईला घेऊन बाहेर आलो. टेंपोची वाट बघताना ती बोलली, "माजंच चुकलं रं. तवाच गप बसाया पायजे व्हतं."

"तुझं काय नाय चुकलं गं."

टेंपो आला. ती पदरानं तोंड झाकून चढली.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुझा सेन्स ऑफ ह्युमर कुठे गेला? तुला डिझाईन हेड करणार होतो मी."

"भाषणातून ती गोष्ट काढा, सर. नायतर माझ्या बापाला आत घ्या."

"भाषण माझं आहे."

"आई माझी हाय."

गळ्यातलं आयकार्ड काढून टेबलावर ठेवलं. आता चौक गावात एका दुकानात मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करतो. बोर्ड बाजारात गेला. चांगला हाय तो, कुणाचा तरी जीव वाचवेल. पण हात शिवशिवतात माझे, नवा बोर्ड काढायला. ते काम मला लय आवडायचं.

आई आता परक्या माणसासमोर तोंड उघडत नाय. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कुठं दुखतं? तिनं माझ्याकडं बघितलं. मी सांगायचं. दुकानात बोट दाखवते. घरी मी कंडक्टर करतो, पुढारी करतो. ती हसते, पण ओठ मिटून.

पुढच्या महिन्यात सरांचं भाषण कर्जतलाच हाय. प्रवेश सगळ्यांना. मी पहिल्या रांगेत बसणार. ती गोष्ट सुरू झाली की उभा राहणार. नक्कल नाय, माझ्याच आवाजात सांगणार. त्या बाईचं नाव हिरा. तिच्या नवऱ्याचं गोमा. आणि त्या पंपापाशी काय झालं ते, सगळं. वॉचमननं बाहेर काढलं तर पुढच्या भाषणाला जाईन. पनवेलला असलं तर पनवेलला, पुण्याला असलं तर पुण्याला.

मग ज्याला हसायचं असंल त्यानं हसावं. पण आधी ऐकावं लागंल.