वादकांसाठी गायलेलं गाणं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते मयूर विहारच्या काकांचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. स्पर्धा परीक्षेसाठी परभणीकडून दिल्लीत आलो आणि त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहू लागलो. काका रॉक गायक, मराठीच, पण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेले. माझा परीक्षेचा शेवटचा प्रयत्नही फसला, तेव्हा गावी कोणत्या तोंडाने जावं ते कळेना.

"कलेक्टर नाही तर नाही, यार. चलो, माझी बटणं दाब," म्हणत त्यांनी मला गाझियाबादच्या स्टुडिओत नेलं आणि रेकॉर्डिंग शिकवलं. आज माझं घर त्यावर चालतं.

त्यांचा शेवटचा अल्बम आम्ही तिथेच केला. स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया ठरली होती आणि पुढे गाता येईल याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

काकांची पद्धत ठरलेली होती. आधी ते गाइड गायचे, म्हणजे वादकांना चाल कळावी म्हणून कच्चं गाऊन ठेवायचे. त्यावर बँड वाजवायचा, मग काका पक्कं गायचे आणि गाइड पुसलं जायचं. बाकीची गाणी अशीच झाली. शेवटच्या गाण्याचा बँड मात्र त्यांच्या मनासारखा होईना, पुन्हा पुन्हा वाजवून घेतला. त्यात दिवस गेले आणि त्यांचा आवाज बसला. वरच्या सुरावर प्रत्येक वेळी फाटायचा. अखेर त्यांनी हेडफोन काढून ठेवले.

मी म्हणालो, "काका, गाइड आहे ना. छान गायलंय तुम्ही."

"छान? मध्येच 'ड्रमवाले, इथे झोपू नकोस' म्हणतोय मी त्यात!"

"तेवढं कापतो."

"नको. ते बँडसाठी होतं, लोकांसाठी नाही. पूस."

"पण काका..."

"पूस म्हटलं ना, कलेक्टरसाहेब."

त्यांच्यासमोरच पुसलं. ते गाणं अल्बमात नुसत्या वाद्यांवर गेलं.

शस्त्रक्रियेनंतर काका पुण्याला बहिणीकडे आहेत. बोलायला मनाई आहे, म्हणून फोन न करता पत्र पाठवलं:

'काका, सा. न.

अल्बम आला. आईला गावी मोबाईलवर ऐकवला. तिला शब्द कळत नाहीत, तरी शेवटपर्यंत ऐकत बसली. शेवटच्या गाण्याला म्हणाली, "हे गाणार कधी?" मी म्हटलं, हे असंच आहे. ती म्हणाली, "बरं," आणि तरी थांबून राहिली.

तुमच्यासमोर मी कधी उलट बोललो नाही. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, मग बोलणार कसा? पण त्या दिवशी बोलायला हवं होतं. तुम्ही चिडला असतात, दोन दिवस अबोला धरला असतात, तरी चाललं असतं. तुमचा तो आवाज माझ्याजवळ राहायला हवा होता. लोकांसाठी नाही, काका, माझ्यासाठी.

गळ्याला जपा. उत्तर लिहूनच पाठवा.

तुमचा,
खोलीवाला'