आवाज दुसऱ्याचा, ओठ इंद्रभानचे

इंद्रभान,

आधी साफ सांगते. तुझ्या आईच्या कानाची मशीन अजून आणलेली नाही. "काकू, मायले बुलडाण्याले ने वं," असं तू फोनवर रडवेला होऊन म्हणालास, मी हो म्हटलं, आणि गाडं तिथंच थांबलं. कारण सांगते, पण माझ्या पद्धतीनं. जन्मभर कॉलेजात शिकवलेल्या बाईला मध्ये अडवलेलं खपत नाही, हे शेजारी राहून तुला ठाऊक आहे.

तू लहान होतास तेव्हा तुझी आई मनकर्णा जानेफळहून मेहकरला जिनिंगमध्ये कामाला जायची. पाहुणे आल्याचा निरोप घेऊन मी एकदा तिथं गेले होते. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. खिडकीतल्या उन्हात ते वर चालले होते की खाली, काही कळेना. बायका हसत होत्या, भांडत होत्या, पण आवाज फक्त यंत्रांचा. बोलणं सगळं ओठांनी. मी दारातून ओरडून घसा सुकवला, एकीचंही डोकं वळलं नाही. तू कापसाच्या ढिगावर बसला होतास. तू नुसते ओठ हलवलेस, आणि पार त्या टोकाला तुझ्या आईनं मान डोलावून 'हाव' म्हटलं, म्हणजे हो. पाण्याखाली असल्यासारखे वाटलात मला तुम्ही दोघं.

पुढे त्या यंत्रांनीच तिचे कान नेले. तुझा आवाज फुटायच्या आधीच नेले, हे लक्षात ठेव.

मग तू ट्रकवर लागलास, संत्री घेऊन बंगळूरला गेलास, आणि रस्त्यात शूटिंगवाल्यांनी तुझ्या मिशा पाहून गाडी थांबवली. असली नशिबं मला कथेतसुद्धा पटत नाहीत, पण तुझं तसंच झालं. पहिल्या सिनेमात नायकाची लाथ खाऊन गवताच्या गंजीत पडलास. मग जमीनदाराचा भाऊ झालास, मग डाकू, मग मुलींचा बाप. कानडीचा गंध नव्हता. पण तिथली रीतच अशी, की बाहेरच्या नटानं ओठ हलवायचे आणि आवाज नंतर कुणा कानडी माणसानं भरायचा. कुणी म्हणे नुसते आकडे मोजतात. तू घरचं बोलत राहिलास.

हे आम्हाला कळलं ते ओट्यावर. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून मी तुझा सिनेमा लावला होता. तू बैलगाडीत गोळी लागून मरत होतास. आवाज कुठल्याशा भारदस्त गृहस्थाचा, बहुतेक आशीर्वाद देत असावा. मनकर्णा पुढे वाकली आणि खुदकन हसली.

"पाह्य वं बाई! मरून राह्यला अन् इचारते, माय, मिरच्या उन्हात वायल्या काय?"

आणि फोनला म्हणाली, "वायल्या रे बाबा. तू मर आरामानं."

तेव्हापासून आमच्या संध्याकाळी तुझ्या झाल्या. उन्हं उतरली की ती माझ्या ओट्यावर हजर. तू समुद्रावर उभा असायचास, राजवाड्यात, कधी धुक्यातल्या कॉफीच्या मळ्यात, आणि तिथून तिला विचारायचास की गाय व्याली का. सारा कर्नाटक तुला परक्याच्या आवाजात ऐकत होता. तुझं खरं बोलणं जानेफळात एकाच बाईला कळत होतं, आणि ती बहिरी.

मग तुला शहाणपण सुचलं. कानडी शिकलास. नायकाच्या बापाचं मोठं काम मिळवलंस, आणि आवाज स्वतःचा. "काकू, माहा आवाज हाय, माहा सोताचा! मायले दाखव." दाखवला. ती शेवटपर्यंत तुझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पदर सावरत म्हणाली, "हा माह्यासंग बोलतच नाही. रुसला काय वं?"

हे मी तुला जसंच्या तसं सांगितलं, म्हणून तुझ्या डोक्यात मशीन आली. मी म्हटलं, अरे, मशीन लावली तरी कानडीच ऐकू येणार. तर म्हणालास, "भाषा कोनती का असंना काकू, आवाज तं माहा हाय ना? तिनं मोठेपनी मले ऐकलंच नाही." यावर मी वाद न घालता हो म्हटलं. असं क्वचित होतं.

मनकर्णा मात्र निघेना. मंगळवारी हळद कुटायची होती, पुढच्या वेळी डोळा लवत होता. शेवटी मीच तिच्यासमोर बसले, तोंड नीट हलवत विचारलं, "काऊन येत नाहीस? पोराचा आवाज ऐकू येईल तुला."

"त्याचा आवाज मले ठावा हाय," ती म्हणाली. "चिमनीवानी हाय. रोज ऐकतो मी. तिथं मिशीवाल्याचा कोनाचा निंगाला तं?"

आता सांग, कोणत्या दवाखान्यात न्यावी ही बाई?

तू हुशार खराच. नव्या सिनेमात बाप अंगणात फिरतो, वर फक्त गाणं वाजतं, ओठ मोकळे. तू तेवढ्यात घरचं बोलून घेतलंस, आणि "मायले सांगतलं मी, काकूसंग बुलडाण्याले जाय म्हनून," असा मला फोनही केलास. मी लगेच गाणं लावलं. ती उजळली. तू रुसला नव्हतास.

"काय म्हणतो?"

"म्हनते, ऊन लय हाय माय. बुलडाण्याले जाऊ नको."

कुणाचं खरं धरू? मला ओठ वाचता येत नाहीत, आणि कानडी सिनेमाच्या पडद्यावरून माझ्याविरुद्ध साक्ष निघालेली मी आजवर पाहिली नव्हती.

तरी आज सकाळी तिला नवं लुगडं नेसवून स्टँडवर आणलीच. बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, गानं लाव ना एकडाव." लावलं. अंगणातून तू चालत आलास. तुझ्यामागची झाडं हलत होती, तिच्या चेहऱ्यावर इथल्या लिंबाची सावली हलत होती. बुलडाण्याची गाडी आली, थांबली, कंडक्टरनं आमच्याकडे पाहत दोनदा हाळी दिली. मी उठले. ती तुला म्हणत होती, "हाव रे. हाव."

मी परत बसले. गाडी गेली.