सावलीची वही

कचेरीत सगळे त्याला काटकोन म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. जमीनमोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं तो नकाशे काढत आला होता. बरोबरीचे लोक केव्हाच संगणकापुढे जाऊन बसले. हा अजून खिडकीजवळच्या तिरक्या टेबलाशी उभा राहून, पेन्सिलीला टोक काढून हाताने रेघा मारायचा. एखादा जुना, भांडणाचा नकाशा आला की साहेब तो त्याच्याकडेच पाठवत. काटकोन जेवायला बसला तरी आधी ताटाची उत्तर दिशा शोधतो, ही तिथली जुनी थट्टा.

घर स्वतःचं होतं. खाली दोन खोल्या, वर एक मोठी खोली आणि तिच्यावर गच्ची. वरच्या खोलीत बायकोचा शिवणवर्ग चाले. सहा मशीन होती, सगळी विजेवर चालणारी. घरची कामं आटोपून बायका दुपारी दोन ते पाच येत. पहिल्यांदा सरळ टीप मारायला शिकत, मग झबली, मग ब्लाउज. दोघी-तिघी शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचं नाव निघालं की बायकोच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते इतर कशानेही दिसत नसे.

त्या वर्षी दुपारची वीज जायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज, आणि नेमकी अडीचला. बायका पंख्याविना, मशीनविना बसून राहायच्या, थोड्या गप्पा मारायच्या आणि चारच्या आत उठून जायच्या. पुढच्या आठवड्यात त्यातली एखादी यायची नाही. अठराच्या चौदा झाल्या, चौदाच्या अकरा.

गच्चीवर सोलर बसवायचं बायकोच्या डोक्यात आलं ते तेव्हा. तिने स्वतःच चौकशी केली, सोलरवाल्याला घरी बोलावलं. खांद्याला कातडी बॅग लावलेला, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने गच्ची पाहिली. उत्तरेच्या अर्ध्या भागात पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली, त्यामुळे तो भाग बाद. दक्षिणेचा अर्धा भाग मोकळा आणि उन्हाने भरलेला. एवढी जागा पुरे आहे, बॅटरीसकट बसवलं तर सहाही मशीन आरामात चालतील, आठ दिवसांचं काम आहे, असं सांगून तो होकाराची वाट पाहत उभा राहिला.

काटकोनाने त्याला विचारलं, वर्षभरात इथे सावली कुठून कुठे फिरते याचा आराखडा आहे का? सोलरवाला म्हणाला, तसं यंत्र असतं, पण इथे गरज नाही, डोळ्यांना दिसतंय. डोळ्यांना दिसतंय, हे शब्द काटकोनाला झोंबले. डोळ्यांना दिसतं त्यावर विसंबून लोक कुंपणं घालतात, आणि मग वीस-वीस वर्षं त्याच्याकडे खेटे घालतात.

“एक वर्ष द्या,” तो म्हणाला. “मी स्वतः मोजतो. मग बोलू.”

सोलरवाल्याने बायकोकडे पाहिलं. तो गेल्यावर ती म्हणाली, “एक वर्ष म्हणजे किती बायका, ते पण मोजून ठेवा.”

त्याने समजावलं. पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू आहे, एकदा चुकीच्या जागी ठोकली की ठोकली. टाकीची सावली हिवाळ्यात कुठवर येते, पलीकडच्या विजेच्या खांबाची कुठवर, हे नोंदवल्याशिवाय हात घालणं म्हणजे अंधारात उडी. बायको ऐकून घेत राहिली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याला घाई करायला लावता येत नाही हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

जानेवारीच्या एकवीस तारखेला काम सुरू झालं. दर महिन्याच्या एकवीसला, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता तो गच्चीवर जाई. त्या दिवशी कचेरीतून रजा. सावलीच्या कडेने खडूने रेघ मारायची, टेप लावून अंतर घ्यायचं, वहीत लिहायचं. पावसाळ्यात खडू धुऊन जाईल म्हणून त्याने रेघांवर ऑइलपेंट चढवला. सकाळसाठी निळा, दुपारसाठी लाल, तीनसाठी हिरवा. ढगाळ दिवस आला तर दुसऱ्या दिवशी परत. वहीला तपकिरी कागदाचं वेष्टण घातलं होतं आणि वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, सावली.

गच्ची हळूहळू एखाद्या खेळाच्या मैदानासारखी दिसायला लागली. वाळत घातलेले कपडे काढायला बायको वर जाई तेव्हा रेघा चुकवत चालावं लागे. रंग ओला असताना एकदा तिचा पाय पडला. जिन्यावर निळी पावलं उमटली आणि अख्खा दिवस फुकट गेल्यासारखा तो हळहळला. “रंग पुसता येईल,” ती म्हणाली, “तुमची हळहळ पुसायला मात्र रॉकेल लागेल.” वर्गात तेव्हा नऊ बायका उरल्या होत्या.

दक्षिणेला, पाच फुटांची बोळ सोडून, रंगवाल्याचं दुमजली घर. पलीकडच्या रस्त्यावर त्याचं रंगाचं दुकान, मागे, बोळीच्या बाजूला, राहायच्या खोल्या. गच्चीवरचा ऑइलपेंट त्याच्याच दुकानातून आलेला. ऑगस्टमध्ये तो एका संध्याकाळी कागदाची गुंडाळी घेऊन आला. त्याला वर एक मजला चढवायचा होता.

“साहेब, नकाशा तुम्हीच काढून द्यायचा,” तो म्हणाला. “तुमच्या हातचा कागद पाहिला की नगरपालिकेचा माणूस प्रश्न विचारत नाही.”

अशा शब्दांना काटकोन भुलला, असं म्हणणं बरोबर नाही. तो भुलायला तयारच होता. कचेरीत तो नुसती शेतं आणि बांध काढायचा. घर काढायची संधी तरुणपणी कधीतरी मिळाली होती तेवढीच. त्याने होकार दिला आणि तीन रविवार त्यावर घातले.

रंगवाल्याला नवी खोली पुढे, रस्त्याच्या बाजूला हवी होती. वर बसलं की दुकानावर नजर राहील, आणि मागे मोकळी गच्ची. काटकोनाला ते पटेना. खालच्या जाड भिंती मागच्या बाजूला, जिना मागच्या बाजूला, मग खोली पुढे कशाला? भिंतीवर भिंत बसली पाहिजे, जिन्यावर जिना. त्याने खोली मागे घेतली, पुढे मोकळी गच्ची ठेवली आणि उत्तरेच्या भिंतीत तीन मोठ्या खिडक्या दिल्या. उत्तरेचा उजेड सौम्य आणि एकसारखा, डोळ्यांना त्रास न देणारा. रंगवाला जरा कुरकुरला. पण काटकोनाने पेन्सिलीने भार कसा खाली उतरतो ते दाखवलं, तेव्हा मान डोलावून म्हणाला, तुम्ही म्हणता तर मागे.

तिसऱ्या रविवारी तो शाईने पक्क्या रेघा मारत असताना बायको चहा घेऊन आली. कप टेबलाच्या कडेला ठेवून कागदाकडे बघत राहिली. घर, खोल्या, जिना, खिडक्या, मापं, उत्तर दिशेचा बाण. खोलीच्या मागे बोळीची रेघ, आणि तिच्या पलीकडे कोऱ्या जागेत दोन शब्द, लगतची मिळकत.

“आपलं घर कुठंय यात?” तिने विचारलं.

“हद्दीबाहेरचं दाखवायचं नसतं,” तो मान वर न करता म्हणाला. “नियम आहे.”

ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला नाही. एकतीस वर्षांत त्याने हजारो नकाशांच्या कडेला ते दोन शब्द लिहिले होते. लिहिले की त्यापलीकडे बघायचं नाही, हे त्याच्या बोटांनाच ठाऊक होतं.

ऑक्टोबरात बांधकाम सुरू झालं. एकवीस तारखेला गच्चीवर बांबूंच्या आडव्या-उभ्या सावल्या पडल्या होत्या. काटकोनाने त्या नीट पाहिल्या आणि वहीत शेरा लिहिला, शेजारची परांची, तात्पुरती अडचण, मापात धरू नये. नोव्हेंबरात भिंती उभ्या होत्या, पण त्यांच्यापुढे परांची आणि गोणपाटाचे पडदे होते. पुन्हा तोच शेरा. खोलीची उंची किती, हे जगात ज्याला सगळ्यात पक्कं माहीत होतं तो माणूस तिच्या सावलीत उभा राहून लिहीत होता, मापात धरू नये.

डिसेंबरच्या एकवीसला शेवटची नोंद होती. परांची उतरली होती. सकाळी नऊला तो खडू घेऊन वर गेला तेव्हा दक्षिणेच्या मोकळ्या भागात ऊन नव्हतं. बाराला गेला, तेव्हाही नव्हतं. समोर नव्या खोलीची भिंत होती, तिच्यात तीन खिडक्या, एकसारख्या अंतरावर, एका रेषेत. फार छान दिसत होत्या. तो खाली आला, कपाटातून नकाशाची प्रत काढली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेली उंची वाचली. मग वहीत हिवाळ्यातला सूर्याचा कोन पाहिला. दोन मिनिटांचं गणित होतं. ते त्याने तीनदा केलं.

सोलरवाला दोन दिवसांनी आला. या वेळी त्याने यंत्र आणलं होतं, पण बॅगेतून बाहेर काढलं नाही. म्हणाला, वर्षातले पाच महिने इथे काही मिळणार नाही, उरलेल्यात जेमतेम. मशीन चालणार नाहीत. बसवू नका. रेघांकडे पाहून तो काहीतरी चांगलं बोलायला गेला, ते जमलं नाही, आणि पायऱ्या उतरून गेला.

काटकोन रंगवाल्याकडे गेला. निदान नव्या खोलीच्या छतावरचा कठडा तरी कमी करता येईल का, असं काहीतरी विचारायचं त्याने ठरवलं होतं. रंगवाला माणूस वाईट नव्हता. त्याने स्टूल पुढे केलं, सगळं ऐकून घेतलं, आणि त्याला खरंच वाईट वाटलं.

“साहेब, मला खोली पुढेच हवी होती,” तो म्हणाला. “आठवतं ना?”

काटकोनाला आठवत होतं. तो भिंतीवरच्या रंगांच्या नमुन्यांकडे पाहत बसला आणि उठून आला.

घरी बायकोने त्याला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. कोणी शेजारी वर्षभरात मजला चढवेल हे कोणाला कळणार, असं ते उत्तर होतं. ते कोणी मागितलंच नाही, त्यामुळे तोंडात तसंच राहून कडू झालं.

जानेवारीत सोलरवाला पुन्हा गल्लीत दिसला. नव्या खोलीच्या छतावर आठ दिवसांत पॅनल लागले. सावली मोजली का, असं काटकोनाने रंगवाल्याला विचारलं. रंगवाला म्हणाला, कसली सावली साहेब, आपणच सगळ्यात उंच. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो घाईघाईने दुकानात शिरला.

बायकोने पुढची गोष्ट जेवताना सांगितली, मीठ मागावं तशी. शेजारची ती नवी वरची खोली आपण वर्गासाठी घेतलीय. भाऊजींना दुकानावर नजर ठेवायला ती खोली उपयोगाची नाही, रिकामीच पडली होती. पाच बायका उरल्यात, त्या तिकडे यायला तयार आहेत. वीज जात नाही म्हटल्यावर जुन्यांतल्याही येतील.

“मला विचारलं नाहीस,” तो म्हणाला.

“विचारलं असतं तर तुम्ही वर्षभर मोजलं असतं.”

तिने त्याच्या पानात भाजी वाढली. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “खोली चांगली आहे हो. उजेड कसा एकसारखा येतो. दोरा ओवायला चष्मा लागत नाही. नीट विचार करून काढलीत.”

आयुष्यात तिने त्याच्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक.

मशीन दोन माणसांनी खाली उतरवली, बोळ ओलांडून पलीकडच्या जिन्याने वर नेली. आपल्या वरच्या खोलीत फरशीवर सहा ठिकाणी चार-चार ठिपके राहिले. काटकोनाने ते घासून पाहिले, निघाले नाहीत.

एकवीस तारीख आली. नोंद संपली होती, वही कपाटात होती, रजाही घेतलेली नव्हती. तरी त्याने डोकं दुखतं म्हणून कचेरीत कळवलं आणि बाराला खिशात खडू घेऊन वर गेला. गार होतं वर, अंगावर काटा येईल इतकं गार. तीन खिडक्या उघड्या होत्या. आतून मशीनचा आवाज येत होता, सहाही एकदम चालू. पाठमोरी बायको कोणाचं तरी कापड हातात धरून टीप दाखवत होती.

एक नवीन बाई खिडकीशी आली आणि खाली रंगीबेरंगी रेघांकडे बघत राहिली. तिने आत वळून विचारलं, हे काय आहे हो बाई? बायकोने मागे वळून पाहिलं. नवरा गच्चीत उभा आहे हे तिने पाहिलं, आणि तिचा आवाज जराही बदलला नाही.

“आमच्याकडे सोलर बसवायचं होतं,” ती म्हणाली. “त्याची तयारी.”

दोघी आपल्या कामाला लागल्या. काटकोन वाकला, खडू काढला आणि रेघेची जागा शोधू लागला. सावलीची रेघ मारायची तर कुठेतरी सावली संपून ऊन लागायला हवं. तो कठड्यापासून टाकीपर्यंत वाकूनच गेला आणि परत आला. गच्चीभर सावलीच होती, तिला कड कुठे नव्हतीच. त्याने खडू खिशात टाकला आणि जिन्याकडे निघाला. जाताना एकाही रेघेवर पाय पडू दिला नाही.