पाण्यात उतरवणारी खुर्ची

रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्या बसायच्या. तळमजल्यावरची मागची खोली, खिडकी एकच, तीही वाहनतळाकडे उघडणारी. दिवसभर माणसांशी बोलणं व्हायचं, पण ते "थांबा, जोडते" एवढंच. अख्ख्या रुग्णालयाला आवाज पाठ, चेहरा ओळखणारे मोजकेच. सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत.

लहानपणी पोलिओने दोन्ही पाय लुळे पडले. वडिलांनी मात्र पाठीवर घेऊन त्यांना नदीत नेलं, हातांच्या जोरावर पोहायला शिकवलं. पाण्यात पायांवाचून फारसं अडत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं. वडील गेले आणि पाणी सुटलं. पुढे आई गेली, भाऊ दूरच्या गावी स्थायिक झाला. पन्नाशीला टेकलेल्या बाई घरात एकट्या उरल्या.

अशात रुग्णालयाजवळ नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव झाला. बाई व्हीलचेअर ढकलत तिथे गेल्या. दारापासून काठापर्यंत पोचता आलं. पाण्यात उतरायला मात्र सरळसोट लोखंडी शिडी. व्यवस्थापक सभ्य माणूस होता. घरचं कुणी सोबत आणा, ते उचलून उतरवतील, असं त्याने सुचवलं. आणायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी गाठोड्यासारखं उचलून घ्यायला बाई तयार नव्हत्या. बसल्या माणसाला अलगद पाण्यात सोडणारी यंत्राची खुर्ची मिळते, ती बसवा, असं त्यांनी सांगितलं. बघू, म्हणाला.

मग बाईंनी पालिकेचा पिच्छा पुरवला. तिथल्या कचेरीची लिफ्ट बंद, म्हणून साहेबांनाच खाली बोलावून घेत. साहेब यायचं टाळू लागले तेव्हा फोन. फोन धरून ताटकळणाऱ्यांचं आयुष्यभर ऐकलेलं. आता स्वतः धरून बसल्या. भावाने ऐकलं तेव्हा तो वैतागला.

"या वयात कसलं खूळ घेतलंस हे?"

"पाण्याचं," बाई म्हणाल्या.

दोनेक वर्षांनी खुर्ची आली. फीत कापली, भाषणं झाली. फोटोसाठी बाईंना खुर्चीत बसवलं, हार घातला आणि पुन्हा उतरवलं. पाण्यात सोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्यांच्यासाठी खास वेळ ठेवली होती, भर दुपारची, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतली. त्या वेळी तलावावर चिटपाखरू नसे. पहिल्या दिवशी खुर्ची घरघरत खाली गेली, पाणी छातीपर्यंत चढलं आणि बाईंनी पट्टा सोडला. हात विसरले नव्हते. त्या उताण्या झाल्या, कान पाण्याखाली गेले, सगळं शांत झालं. बराच वेळ त्या तशाच तरंगत राहिल्या. बाहेर आल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं. जीवरक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

काही महिने असे गेले. एवढा मोठा तलाव, त्यात एकटं माणूस. बाई व्यवस्थापकाकडे गेल्या आणि सकाळची बायकांची वेळ मागितली. खुर्चीला वेळ लागतो, इतरांचा खोळंबा होतो, असं म्हणता म्हणता त्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि काहींना ते बघवत नाही, बाई."

"सवय होईल," त्या म्हणाल्या. "मला झालीच ना."

तो ओशाळला. त्याने सकाळची वेळ दिली.

सकाळी खुर्ची घरघरली की बायकांच्या गप्पा थांबत. सगळ्या दुसरीकडे बघत. बाई पाण्यात उतरल्या की त्यांच्यासाठी अख्खी एक बाजू मोकळी होई. कुणी वाईट वागत नव्हतं. नुसती जागा देत होत्या, हवी त्याहून जास्त.

फक्त एक बँकेतली बाई कठड्याला चिकटून असायची. तिला पाण्याची धास्ती. एक दिवस तिने विचारलं, "पाय न हलवता तुम्ही बुडत कशा नाही?" ऑपरेटरबाईंनी एका हाताने कठडा धरला, दुसरा तिच्या पाठीखाली धरला. मान सैल सोडा, म्हणाल्या. किती वर्षांनी कुणाचा तरी भार त्यांच्या हातावर विसावला होता. महिन्याभरात ती तरंगू लागली, हातपाय मारू लागली आणि खोल पाण्यात मैत्रिणींकडे गेली. तिथून हात मात्र करायची.

नंतर खुर्ची बिघडली. दुरुस्ती रेंगाळली. बाई पुन्हा पालिकेला फोन करू लागल्या. तेवढ्यात एका दुपारी बोर्डावर ओळखीचा आवाज आला. बँकेतली बाईच होती. सासूबाईंना दाखल केलं होतं, तो कक्ष हवा होता. आवाज रडवेला. मी बोलतेय, तलावावरची, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण ही वेळ ओळख सांगायची नव्हती.

"थांबा, जोडते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी जाण्याआधी त्या कक्षापर्यंत गेल्या. खाटेभोवती घरची माणसं दाटीने उभी होती. बाई दारातूनच परतल्या.

खुर्ची दुरुस्त झाली. दुपारची खास वेळही पालिकेने काढून टाकली. आता खुर्ची लागणाऱ्यांनीही इतरांसारखं बायकांच्या किंवा पुरुषांच्या वेळेला यावं. हल्ली खुर्चीचा पट्टा सकाळी सैल केलेला सापडतो. संध्याकाळी पुरुषांच्या वेळेला कुणी जाडजूड गृहस्थ येतात म्हणे, एक पाय नसलेले. बाईंनी त्यांना पाहिलेलं नाही. त्या पट्टा आपल्या मापाने आवळतात, कळ दाबतात आणि खाली जातात.