येडशी स्टेशनावर पाहिलेले फोटो

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. बार्शीकडं जाणारी गाडी उशिरा होती. येडशी स्टेशनाच्या बाकावर माझ्याशेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. ओळखपाळख नसताना त्यांनी मला विचारलं, "दादा, फोटू बघता का?"

त्यांचे पती नळदुर्गात फोटोग्राफर होते, मागच्या साली पटकीनं गेले. अंमलदारांचे फोटो काढून ते पोट भरायचे, पण जीव रमायचा तो रानात. बाई पदराला हात पुसून एकेक फोटो कडेनं धरून देत होत्या. ज्वारीवर ओथंबलेलं आभाळ, किल्ल्यातून कोसळणारं पाणी, खळ्यावर उफणणाऱ्या बायका. माझं नीट बघून होईस्तोवर त्या पुढचा देत नव्हत्या.

शेवटचा फोटो देताना त्या म्हणाल्या, "ह्यात आमचे मालक हायेत."

मला नुसतं नांगरलेलं रान दिसत होतं. त्यांनी खालच्या कडेला बोट टेकवलं. ढेकळांवर एका माणसाची लांब सावली पडली होती.

"नासला म्हणून टाकून दिला व्हता त्यांनी. म्या उचलून ठिवला. गावाचे फोटू काढले, सोताचा एक बी न्हाय."

"चांगले उंच होते," मी म्हणालो.

"न्हाय वो. दिवस बुडतानाची सावली हाय ती. माझ्यापेक्षा चारच बोटं जास्त व्हते."

त्यांनी तळहात आपल्या डोक्यावर चार बोटं उंच धरून दाखवला. गाडीची शिट्टी झाली, लोक उठले, तरी तो हात खाली आला नव्हता.