सुईखालचा ब्लाउज

जुनं शिलाई मशीन विकत घ्यायला परवा एका घरी गेलो होतो. भिंतीवर क्रूस, त्याखाली मशीन. मालक म्हणाला, "व्यवहार माझ्याशी बोला. बायबलप्रमाणे या घराचं मस्तक मी आहे." मशीन चालवणारी त्याची बायको दाराशी उभी होती. तिला विचारलं, तर प्रश्न संपायच्या आत म्हणाली, "हे म्हणतील तसं, भाऊ."

घासाघीस करून नवऱ्याशी सौदा ठरवला, पण तिचा तो होकार मनात राहिला. इतक्या सहज मिळालेल्या होकाराचा मला संशय येतो. एक तर माल खोटा असतो, नाहीतर समोरच्याला बोलूच दिलेलं नसतं. माझ्या बहिणीनंही लग्नात, चर्चमध्ये नवऱ्याच्या अधीन राहण्याचं वचन दिलं. तेव्हापासून तिला फोन केला की मेहुणाच उचलतो आणि सांगतो, "ती मजेत आहे." तो राग अजून गेलेला नाही. याला प्रेम म्हणतात, तर त्यात एकदाही नाही म्हणायची सोय का नसावी?

मशीन उचलायला वाकलो, तर सुईखाली अर्धवट शिवलेला ब्लाउज अडकलेला होता. तो सोडवून मी तिच्यापुढे धरला. "ताई, हा तुमचा राहिला."

हात पुढे करण्याआधी तिनं नवऱ्याकडे पाहिलं.