चालू गाडीला चावी

हल्ली कुणी नवीन पिकअप घेतला की पहिलं कौतुक आवाजाचं. डिझेल आहे पण वाटतच नाही, म्हणतात. गेल्या वर्षी जावयाने घेतला. मला जिना उतरायला लावून चाळीखाली बोलावलं, इंजिन चालू केलं आणि विचारलं, "आई, येतोय का आवाज?"

मी म्हटलं, "नाही येत. त्यात नाचण्यासारखं काय आहे?"

तो हिरमुसला. वर आल्यावर मुलगी मला बोलली. तिला मी सांगितलं की शांत इंजिनावर माझा राग नाही, पण त्याचं कौतुकही मला नाही. का नाही ते ती लहान असताना घडलं, तिला नीट माहीत नाही. म्हणून सांगते.

माझा नवरा परळच्या गिरणीत साचेखात्यात होता. साचे म्हणजे कापड विणायचे माग. शेकडो माग एका छपराखाली चालत. तिथे तोंडाने बोलून उपयोग नसे. ओठ हलवायचे, हातांनी खुणा करायच्या, समोरच्याने बघून समजून घ्यायचं. कान त्याचे तिथेच गेले. एका दिवसात गेले नाहीत, त्यामुळे कधी गेले ते सांगता येत नाही. समोर उभं राहून बोललं की त्याला सगळं कळायचं. पाठीमागून हाक मारली की काही नाही. आमच्या मजल्यावर असे बरेच जण होते. मजल्यावर सगळेच मोठ्याने बोलायचे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नसे.

संप झाला, लांबला, आणि गिरणी त्याच्यासाठी परत उघडली नाही. काही जण गावी गेले, काहींनी भाजीची टोपली घेतली. हा गाडी शिकला आणि लालबागच्या एका मंडपवाल्या शेठकडे टेम्पोवर लागला. बांबू, ताडपत्र्या, खुर्च्या, लग्नाची पातेली, असला माल. त्या टेम्पोचं इंजिन केबिनमध्येच होतं, ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. झाकणावर डबा ठेवला की दुपारपर्यंत भात गरम राहायचा. हा त्याचा गुण. बाकी आवाज असा की गाडी भोईवाड्याच्या कोपऱ्यावर वळली की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायला लागत. शेजारीण म्हणायची, "आली गं तुझी गिरणी."

त्या केबिनमध्ये शेठ ओरडायचा, नवरा त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवायचा. नाही कळलं तर "काय?" म्हणायचा. शेठही तसंच म्हणायचा, कारण ऐकू कुणालाच येत नव्हतं. मागे मालावर बसलेले बांबूवाले टपावर थाप मारायचे, एक थाप थांब, दोन थापा चल. ती याला सीटमधून कळायची. गिअर कधी टाकायचा ते हातातला दांडाच सांगायचा. बहिरा माणूस टेम्पो चालवतोय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मला माहीत होतं, त्याला माहीत होतं. आम्ही त्यावर बोललो नाही. घर त्याच कामावर चाललं होतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग शेठने नवा पिकअप घेतला. त्या वेळी अशा गाड्या नवीनच निघाल्या होत्या. इंजिन पुढच्या बाजूला बंद पेटीत, आत गाद्या, काचा वर केल्या की बाहेरचं काही ऐकू येऊ नये अशा. शेठ ती आमच्या चाळीखाली दाखवायला घेऊन आला. जो तो बोनेट उघडून बघत होता. तळमजल्यावरचे म्हातारे जॉबर, म्हणजे गिरणीतले जुने मुकादम, म्हणाले, "डिझेलला आवाज नाही म्हणजे जोर नाही. दाबलंय काहीतरी. चढावर बघा कशी धापा टाकते." शेजारीण म्हणाली, "जोर नसला तरी चालेल, सकाळची झोप तर मिळेल." एक बांबूवाला म्हणाला, "आमची पंचाईत झाली. आता शेठला शिव्या घालायच्या कुठे? सगळं ऐकू जाणार." शेठसुद्धा हसला. नवऱ्याने चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि आपल्या मालवणीत म्हणाला, "बरी आसा." तेवढंच.

पूजेला गाडी प्रभादेवीला न्यायची ठरली. ताट धरायला मला सोबत घेतलं. पुढे आम्ही तिघे बसलो, मी मध्ये. शेठ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "इथून डावीकडे घे." नवरा सरळ चालला. मी कोपर मारलं आणि हाताने दाखवलं. शेठ म्हणाला, "लक्ष कुठाय आज?" मी म्हटलं, "नवीन गाडी आहे, बुजलेत." पण मला तेव्हाच कळलं की हे आता लपायचं नाही. त्या केबिनमध्ये माझ्या बांगड्यांचा आवाज येत होता.

देवळापाशी गाडी उभी केली. हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. इंजिन चालूच होतं. शेठने खूण केली, घे पुढे. नवरा आत बसला आणि त्याने चावी फिरवली. चालू गाडीला चावी दिली की कसा आवाज होतो ते ज्याने ऐकलंय त्याला ठाऊक आहे. पत्र्यावर करवत घासल्यासारखा. फुलवाली दचकली. नवऱ्याने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"अरे, चालू आहे गाडी!" शेठ मागून ओरडला.

नवऱ्याने मान वळवली नाही. तिसऱ्यांदा फिरवणार तोच मी खिडकीतून त्याचा दंड धरला.

"माका वाटला बंद पडली," तो म्हणाला.

शेठ खिडकीच्या मागच्या बाजूला, त्याला दिसणार नाही असा उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "पेढा घे." नवरा समोर बघत राहिला. शेठने मग माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, कधीपासून?"

"गिरणीपासून."

"म्हणजे माझ्याकडे आला तेव्हा..."

"तेव्हाही. तुमच्या टेम्पोत कुणाला ऐकू येत होतं?"

"उद्या गाडीखाली कुणी आलं तर मी काय सांगायचं?"

"इतक्या वर्षांत कोण आलं?"

शेठने चाकांकडे बघितलं. लिंबं तशीच होती, लोक बघत होते. मग म्हणाला, "कुणी आलं नाही, म्हणून आज चावी मागत नाही. गणपती होईपर्यंत बघतो. मग काय ते ठरवू."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने चपला काढून सीटखाली सरकवल्या आणि अनवाणी पायाने गाडी चालवायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "पायाक कळता." गिरणीतही तो मागावर तळहात टेकून तो कसा चालतोय ते ओळखायचा. शांत म्हटलं तरी इंजिन थोडं थरथरतंच, ती थरथर पायाला लागायची. चालू गाडीला चावी द्यायची चूक परत झाली नाही. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यातून हॉर्न, भांडी, माणसं सगळं एकदमच कानात ओतल्यासारखं व्हायचं. चार दिवसांत ते डब्यात गेलं. थापा मात्र त्याला पहिल्यासारख्या कळत होत्या. मला वाटलं, निभावलं. शेठही जरा सैल झाला होता.

गणपती तोंडावर आले. मालाच्या फेऱ्या वाढल्या. एका दुपारी परळला, दवाखान्यांच्या रस्त्यावर, शेठ शेजारी बसला होता. ताडपत्रीचं एक टोक सुटून आरशावर आलं होतं, मागचं दिसत नव्हतं. मागून भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स आली. शेठ सांगतो की मी दोनदा ओरडलो, बाजूला घे; घाईत दंडाला हात लावायचं सुचलंच नाही. नवऱ्याची नजर पुढच्या गर्दीवर होती. शेवटी रस्त्यावरच्या एका माणसाने बोनेटवर हात आपटला, तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली. ॲम्ब्युलन्स शेजारून गेली. आत एक बाई सलाईनची बाटली वर धरून बसली होती. ती त्या दोघांनी पाहिली.

नवऱ्याने माल उतरवला, गाडी गोदामात लावली, चपला घातल्या आणि चावी शेठच्या हातात दिली.

शेठ म्हणाला, "अरे, गणपतीपर्यंत म्हटलं होतं मी."

"तोपर्यंत कित्याक?"

चालत घरी आला. मी भांडले. म्हटलं, अहो, जुन्या टेम्पोत मागची ॲम्ब्युलन्स कुठे ऐकू येत होती तुम्हाला? तेव्हा नाही सोडलं काम, मग आज कसलं सोडता? मुलगी शिकतेय, पुढे काय करायचं?

तो म्हणाला, "तेव्हा आवाज कोणाकच येय नाय होतो. आज शेठाक इलो, माका नाय."

मी पान वाढलं.

शेठने त्याला गोदामात ठेवून घेतलं, बांबू बांधायला. पगार कमी झाला. मी दोन घरची धुणीभांडी धरली आणि चाललं. जुना टेम्पो पुढे भंगारात गेला, तो बघायला तो गेला नाही. गुडघे गेले तोपर्यंत गोदामात होता. आता तो नाही.

मुलीला हे सगळं सांगितलं ते जावयानेही ऐकलं आणि तो मला दादरपर्यंत चक्कर मारून आणायला निघाला. मागे त्याचा माल होता, ताडपत्रीने झाकलेला. मी बसले आणि पहिलं बघितलं तर ताडपत्रीचं टोक आरशावर आलेलं. म्हटलं, आधी उतर आणि ते बांध. मग इंजिन चालू कर.